बैसाणे सरांचं ॲबस्ट्रॅक्ट

दिवाळीची सुट्टी संपली की आमच्या कॉलेजला चर्चासत्र सुचतं. मग मी यादी करते. मंडपवाला, आचारी, पाहुण्यांच्या खोल्या, पिशव्या, प्रमाणपत्रं, स्वागताची शाल. आणि सगळ्यात वर, लाल शाईने, ॲबस्ट्रॅक्ट. बाहेरगावच्या प्राध्यापकांनी आपल्या निबंधात काय आहे ते एका परिच्छेदात आधी पाठवायचं, आम्ही ते तपासून छापायचं, असा हा प्रकार. यंदाही यादी झाली. मंडपवाल्याला फोन झाला, आचाऱ्याशी घासाघीस झाली. लाल ओळीपाशी मात्र पेन थांबलं. पूर्वी त्या ओळीपुढे मी एकच नाव लिहायचे आणि ते काम डोक्यातून काढून टाकायचे. बैसाणे सर.

आता तिथे कोणाचं नाव लिहावं? नावं आहेत, माणसंही हुशार आहेत. पण मलाच कंटाळा आलाय. आलेले परिच्छेद वाचते तर सगळीकडे आव्हानं, संधी, बहुआयामी, सर्वसमावेशक. वाचून झाल्यावर निबंध कापसावरचा होता की कुपोषणावरचा, हे परत वर जाऊन बघावं लागतं.

मी जळगावपासून तासाभरावरच्या या कॉलेजची कार्यालय अधीक्षक. माझ्या टेबलावर ॲबस्ट्रॅक्ट म्हणजे गोषवारा. जाड फायलीवर एक पान लावायचं, आतल्या सगळ्या बेरजा त्यावर मांडायच्या, म्हणजे वरच्या साहेबाला फाईल उघडावी लागत नाही. मराठी विभागात तोच शब्द व्याकरणाच्या तासाला यायचा, भाववाचक नामाला इंग्रजीत काय म्हणतात ते सांगताना. प्राचार्यांच्या खोलीत त्याच नावाचं एक चित्र होतं. आणि पोरं तर तास डोक्यावरून गेला की पायरीवर बसून म्हणायची, "आज फारच ॲबस्ट्रॅक्ट झालं." एकाच इमारतीत एक शब्द इतक्या खोल्यांतून हिंडायचा, आणि कोणाला त्याची अडचण नव्हती. अडचण फक्त बैसाणे सरांना होती.

सर इंग्रजी शिकवायचे. गाव धुळे जिल्ह्यात, साक्रीच्या बाजूला. पत्नी लवकर गेल्या, मुलगी नाशिकला नोकरीला. स्वतः जळगावला एका खोलीत राहायचे. शनिवारी दुपारी तास संपला की गावी आईकडे, सोमवारी पहाटेच्या गाडीने परत. उंच, मानेत जरा वाकलेले, आवाज बारीक. हातात नेहमी एक पेन, पण टोपण लावलेलं. कोणी कागद पुढे केला की ते टोपणानेच ओळीखालून जायचे. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "टोपण काढलं की हात खोडायला लागतो. आधी ऐकून तर घेऊ."

ऐकून घेणं हीच त्यांची पद्धत. ॲबस्ट्रॅक्ट तपासायचं असलं की ते निबंध वाचतच नसत. लेखकाला फाटकाबाहेरच्या चहाच्या टपरीवर न्यायचे, बाकावर बसवायचे, बशीत चहा ओतायचे आणि म्हणायचे, "आते घरनी भाषामा सांग." समोरचा अहिराणी असला तर अहिराणीत, माझ्यासारखा सावद्याकडचा असला तर तिकडच्या बोलीत, पण घरात बोलतो तसं. त्यात सांगता आलं तरच ते इंग्रजीत लिहायला हात लावायचे.

आमच्या वाणिज्य विभागातले महाजन तेव्हा नवीनच लागले होते. केळी उत्पादकांच्या समाधानावर त्यांचा निबंध होता. परिच्छेद झकास, छापायलाच तयार. मी चहाला सोबत होते.

"सर, समाधान ही संकल्पना मुळात बहुआयामी..."

"घरी आईला असं सांगता?"

"नाही."

"मग आईला काय सांगाल? लोकांकडे गेलो, विचारलं, आणि काय सापडलं?"

महाजनांनी चहाकडे बघितलं. "सर, अजून गेलो नाही."

"पण निष्कर्ष तर खाली लिहिलाय तुम्ही."

"ते नंतर जुळेल सर. बाकीचे पण तसंच करतात."

सर हसले नाहीत की रागावले नाहीत. माझ्याकडे वळून म्हणाले, "चौधरी मॅडम, रावेरकडची गाडी कधी आहे हो? महाजनांना तिकडे जायचंय."

महाजन गेले. आठवड्याने आले ते उन्हाने काळवंडून. टपरीवर बसल्या बसल्या सांगायला लागले, "सर, ते म्हणे, समाधानाचं राहू द्या भाऊ, वाऱ्याने झाडं आडवी झाली, ती आधी बघून जा. बागेतच घेऊन गेले मला."

"हेच लिहा," सर म्हणाले, आणि टोपण काढलं.

सर स्वतः त्या शब्दाबद्दल फार बोलत नसत. एकदाच स्टाफरूममध्ये विषय निघाला. मराठीच्या बाई म्हणाल्या, आम्ही अमूर्त म्हणतो. महाजन म्हणाले, आम्ही सारांश. मी म्हटलं, ऑफिसात गोषवारा. सर म्हणाले, शब्द मूळचा ओढून बाजूला काढण्याचा आहे. मग त्यांनी त्यांच्या वडिलांचं सांगितलं. वडील कापसाच्या जिनात कामाला होते. सर लहानपणी डबा घेऊन जायचे आणि दारात उभे राहून बघायचे. कापूस यंत्रात गेला की रुई एकीकडे उडायची, सरकी दुसरीकडे पडायची.

"ॲबस्ट्रॅक्ट म्हणजे ती रुई," सर म्हणाले. "स्वच्छ, हलकी. गाठी बांधा आणि कुठेही पाठवा. मला तिच्याबद्दल तक्रार नाही. फक्त रुई पेरता येत नाही, एवढं लक्षात ठेवा."

प्राचार्यांच्या खोलीतल्या चित्राची गोष्ट त्याच्या पुढच्या वर्षीची. आमच्या संस्थेचे अध्यक्ष आबासाहेब, केळीचे व्यापारी. त्यांच्या सूनबाई चित्रं काढायच्या. त्यातलं एक मोठं चित्र त्यांनी कॉलेजला भेट दिलं. नुसते रंग. तपासणीची समिती येणार होती आणि प्राचार्यांचा जीव टांगणीला लागला. "पाहुण्यांनी विचारलं हे काय आहे, तर? बैसाणे सर, खाली एक पट्टी लावू. दोन ओळी अर्थ लिहा."

सर पाहुण्यांच्या खुर्चीत चित्रासमोर बसले. प्राचार्य दोनदा आत-बाहेर करून गेले. मग सरांनी पट्टी लिहून दिली. "पिवळा, निळा आणि कोपऱ्यात थोडा काळा."

"अहो, हे तर दिसतंच आहे!"

"दिसतंय ना? मग झालं."

प्राचार्य हवालदिल. तेवढ्यात आबासाहेबच आले. त्यांनी चष्मा वर करून पट्टी वाचली. आता काय होतंय म्हणून मी हातातली फाईल उगाच चाळायला लागले. आबासाहेब म्हणाले, "बरोबर लिहिलं. मीबी सूनबाईला विचारलं होतं, हे काय काढलं म्हणून. ती म्हणे, आबा, सकाळी केळीच्या घडावर ऊन पडलं होतं. ते काढलं. मग घड पुसून टाकला, ऊन तेवढं ठेवलं."

सर खुर्चीतून उठून उभे राहिले. त्यांना इतकं खूश झालेलं मी पुन्हा क्वचित पाहिलं. पुढे कितीतरी दिवस ते मध्येच म्हणायचे, "घड पुसला, ऊन ठेवलं. मॅडम, अध्यक्षांच्या सुनेला कळलं ते आपल्या चर्चासत्राला कळेना."

तरी एका ठिकाणी ते घड पुसू देत नसत. कॉलेजात कोणी वारलं की शोकसभा होते आणि दुखवट्याचा ठराव लिहावा लागतो. ठरावाचा साचा माझ्या कपाटात होता. नाव बदलायचं, तारीख बदलायची, "त्यांच्या जाण्याने कधीही न भरून येणारी पोकळी निर्माण झाली आहे" ही ओळ तशीच ठेवायची. सरांनी तो साचा बंद करायला लावला.

"पोकळी लिहायची नाही, मॅडम. हानी नाही, क्षती नाही. माणूस गेल्यावर इथे काय बदललं ते लिहा."

प्रयोगशाळेतले पंढरीनाथ भाऊ गेले तेव्हा सरांनी ठराव लिहिला. शेवटची ओळ होती, "ते गेल्यापासून रसायनशास्त्राच्या खिडक्या संध्याकाळी उघड्याच राहतात." प्राचार्यांना वाटलं हा शिपायांवर ठपका आहे. पण शोकसभेत ती ओळ वाचली तेव्हा भाऊंची बायको पहिल्यांदा रडली. तोवर ती नुसती पदराचं टोक पिळत बसली होती.

आता सरांच्या प्रबंधाकडे येते. प्रबंधाचं काम मी कॉलेजात लागायच्या आधीपासून चालू होतं. विषय त्यांच्याच गावचा. जे डोळ्यांना दिसत नाही, म्हणजे दुःख, भीती, लाज, एकटेपणा, ते त्यांच्या गावची माणसं कसं बोलतात. त्यासाठी सर गावोगाव फिरले. आपल्याकडे कोणी वारलं की त्या घरी दारावर जातात, अंगणात बसून घरच्यांना भेटून येतात. सर प्रत्येक दारावर जायचे. आधी नात्यागोत्याने, मग कामानेही. सगळं लिहून झालं होतं. बांधणी झाली होती. मार्गदर्शक बदलले, मुदती वाढल्या, विद्यापीठाने शेवटची मुदत दिली. राहिलं होतं फक्त ॲबस्ट्रॅक्ट.

आणि घरी आई विचारायची. दर शनिवारी सर घरात पाऊल ठेवतात तोच. सर आम्हाला ते संभाषण जसंच्या तसं करून दाखवायचे.

"संपनं का रे भो, तुन्हं लिखनं?"

"थोडंसं ऱ्हायनं, माय."

"काय ऱ्हायनं?"

"त्यामा काय शे, ते सांगानं ऱ्हायनं."

"इतला वरीस लिखं, आनि काय लिखं ते तुलेच ठाऊक नई?"

टपरीवर सगळे हसायचे. सरही हसायचे, आणि मग बशी तशीच हातात धरून बसायचे. आई आता थकली होती. अंगणातून रस्त्याच्या मोडापर्यंत चालत यायची, एवढंच. सोमवारी पहाटे ती थांब्यावर येत नसे. पुढे पाण्याच्या टाकीपाशी रस्ता वळतो, तिथे गाडी हळू होते, तिथे डाव्या हाताला उभी राहायची. हात हलवायची नाही. कपाळावर आडवा धरायची आणि गाडीत बघायची. म्हणून सर नेहमी डाव्या खिडकीत बसायचे. सवय इतकी, की आम्ही सहलीला निघालो तरी डावी खिडकी त्यांना सोडून द्यायचो.

"तिला एकदा सांगायचंय, मॅडम," ते म्हणायचे. "पदवीचं तिला काय. पोरगा इतकी वर्षं काय करत होता, तेवढं तिच्या कानावर जाऊ दे."

माझा स्वभाव काम रखडलेलं न बघवणारा. एक दिवस मीच त्यांना टपरीवर बसवलं, बशीत चहा ओतला आणि म्हटलं, "आता घरच्या भाषेत सांगा."

त्यांनी सुरुवात केली. थांबले. पुन्हा केली. मध्येच मराठीत शिरले, तिथून इंग्रजीत. टोपण बाकावर आपटत राहिले.

"जमत नाही, अक्का." त्यांना हरल्यासारखं वाटलं की मी अक्का व्हायचे. "दुसऱ्याचं बरोबर दिसतं. माझं काही काढून बाजूला ठेवायला गेलो की उरलेलं माझ्याकडे बघतं."

"पुढच्या शुक्रवारी शेवटची तारीख आहे, सर."

"या शनिवारी मायसमोर बसून करतो. तिलाच सांगतो. तिला समजलं की झालंच."

तो शनिवार यायच्या आधीच निरोप आला. आई सकाळी अंगणात बसल्या बसल्या गेली.

सर तातडीने गेले. शनिवार-रविवार उलटला. बुधवारी महाजन आणि मी धुळ्याला गाडी बदलून त्यांच्या गावी दारावर गेलो. माझ्या मनात दोन गोष्टी होत्या आणि त्यातली एकच तिथे बोलण्यासारखी होती. दुसरी म्हणजे शुक्रवार. मी विद्यापीठात फोन करून बघितला होता. तिथल्या बाई म्हणाल्या होत्या, वाईट वाटतं मॅडम, पण ही मुदत वाढायची नाही.

अंगणात सतरंजी होती. गावातली माणसं एका बाजूला, बायका ओट्यावर. भिंतीवर बाबासाहेबांची आणि बुद्धाची तसबीर, खाली मेणबत्ती. सर खांबाला टेकून बसले होते. दाढी वाढलेली, हातात ते पेन. "आठे बसा," म्हणत कोणीतरी सतरंजीवर हाताने जागा दाखवली, तिथे आम्ही बसलो. जवळ एक म्हातारी होती, सरांच्या वडिलांची बहीण, तिला सगळे फुई म्हणत. ती मला सांगायला लागली, आईने आदल्या दिवशी शेवया करायला घेतल्या होत्या, खाटेवर अर्ध्या वाळत होत्या, त्या कोणी उचलाव्यात हेच कोणाला समजेना.

मग सरच हळू म्हणाले, "शुक्रवार ना?"

"हो."

"मायला सांगायचं राहिलं."

मी म्हटलं, "फुईंना सांगा. आम्ही ऐकतो."

सरांनी मान खाली घातली. मला वाटलं, मी जास्त बोलले. मग ते अहिराणीत बोलले, आणि या वेळी कुठे अडले नाहीत.

"आपला लोके दुखनं नाव नई लेतस, फुई. ते कोठे बशेल शे, तेवढं सांगतस."

दुःखाचं नाव घेत नाहीत, ते कुठे बसलंय तेवढं सांगतात. महाजन माझ्याकडे बघायला लागले. इतक्या वर्षांचं काम त्या एका वाक्यात येऊन बसलं होतं.

फुईने ते ऐकून घेतलं. तिला त्यात नवल वाटलं नाही. तिने फक्त पुढचं विचारलं.

"मंग तुन्हं कोठे बशेल शे रे, आण्णा?"

सरांनी अंगण बघितलं. खाट बघितली, ओटा, चूल, दाराची कडी. शोधत होते. त्यांची नजर सगळीकडून फिरून रिकामी परत आली. आणि ते शुद्ध मराठीत, माझ्या कपाटातला साचा वाचावा तसं म्हणाले, "पोकळी निर्माण झाली, फुई."

"काय म्हने हाऊ?" फुईने मला विचारलं.

इतकी वर्षं त्यांनी आम्हाला बंदी घातलेली ती ओळ, आणि ऐन वेळी त्यांच्याजवळ तेवढीच होती. ती मला पहिल्यांदा खोटी वाटली नाही. थकलेला माणूस भिंतीचा आधार घेतो, तसा त्यांनी तिचा घेतला होता.

दुपारच्या गाडीने त्यांनी आमच्याबरोबर निघावं असं ठरेना. भावकीतला एक जण म्हणाला, "दारवर लोके येतीन, आनि तू कोठे चालना?" फुई ओट्यावरून म्हणाली, "जाऊ द्या त्याले. वहिनी दर शनवारले इचारे, संपनं का म्हनीसन. संपाडी ये म्हना." सर उठले, आत जाऊन शर्ट बदलला, प्रबंधाची पिशवी घेतली.

प्रबंध त्या शुक्रवारी दाखल झाला. पुढे पदवी मिळाली, सत्कार झाला, हारांसकट फोटो निघाले, निवृत्ती झाली. आता ते नाशिकला लेकीकडे असतात. आवाज आणखी बारीक झालाय. मी चर्चासत्राच्या ॲबस्ट्रॅक्टचं विचारलं की फोनवर म्हणतात, "आता नको, मॅडम. आता नुसतं ऐकावंसं वाटतं." त्यानंतर मी त्यांना कितीतरी वेळा भेटले आहे. पण लाल शाईच्या ओळीपाशी पेन थांबतं तेव्हा मला ते त्या दुपारच्या गाडीतलेच दिसतात.

गाडी अर्धी रिकामी होती. सर चढले आणि न बघता डाव्या खिडकीत बसले. मी शेजारी, महाजन मागे. पिशवी त्यांनी मांडीवर धरली होती. गाडी थांब्यावरून निघाली, घरं संपली, आणि टाकीच्या मोडाला ड्रायव्हरने वेग कमी केला. सरांनी खिडकीची काच सरकवली.

टाकीखाली कोणी नव्हतं. नळ ठिबकत होता, खाली कोणाचा तरी हंडा लावलेला.

सर बघत राहिले. गाडी वळली तरी मान तशीच मागे. मग काच न लावताच ते सरळ बसले, आणि पेनाचं टोपण त्या रिकाम्या खिडकीवर टेकवून, जणू एखाद्या ओळीखाली धरावं तसं धरून, म्हणाले,

"फुईले सांगानं ऱ्हायी गयं, अक्का. आठे बशेल शे."